परांची बांधायला शिकवणं: स्कॅफोल्डिंग प्रशिक्षक होऊ पाहणाऱ्यांसाठी

उभी राहिलेली परांची बरंच काही लपवते. कठडा आधी बसवून मग फळीवर पाय ठेवला, की उघड्या फळीवर उभं राहून मागाहून कठडा लावला, हे काम पूर्ण झाल्यावर कुणालाच ओळखता येत नाही. दोन्हींत पाइप तितकेच, क्लॅम्प तितकेच, ओळंबाही सारखाच. फरक असतो तो क्रमात. बांधणारा माणूस पडतो तो बांधताना किंवा सोडवताना, म्हणजे नेमका त्या मधल्या वेळात, जो तयार कामात दिसत नाही. साइटवरचा फोरमन झालेलं काम बघतो आणि पुढे जातो. प्रशिक्षकाला मात्र हात बघावे लागतात. ही सवय चांगल्या कारागिरालाही आपोआप लागत नाही, ती मुद्दाम लावून घ्यावी लागते.

आधी स्वतःची तयारी

प्रशिक्षकाला काय पात्रता लागते हे देशादेशांत वेगळं आहे. ब्रिटनमध्ये सीआयएसआरएस या परांची कारागिरांच्या नोंदणी योजनेची कार्डपद्धत आहे: शिकाऊ, मग स्कॅफोल्डर, मग प्रगत स्कॅफोल्डर, आणि तपासणीचे अभ्यासक्रम वेगळे. अमेरिकेच्या ओशा (कामगार सुरक्षेची सरकारी संस्था) नियमांत कार्ड असं नाही, पण परांची बांधणाऱ्या, सोडवणाऱ्या आणि तपासणाऱ्या माणसाला जाणत्या, अधिकार असलेल्या व्यक्तीने प्रशिक्षण दिलेलं असलं पाहिजे, अशी अट आहे. तुमच्याकडे जी पद्धत असेल ती आधी नीट वाचून घ्या. कागदावरची अट कमी असली, तरी किमान ५ वर्षं प्रत्यक्ष बांधणी आणि त्यातली २ वर्षं टोळी सांभाळण्याची, एवढ्यावाचून शिकवायला उभं राहू नये असं आमचं मत आहे. कारण शिकाऊ विचारतात ते प्रश्न पुस्तकातले नसतात. 'इथे खांब मध्ये येतोय, ब्रेसिंग (चौकट ताठ ठेवणारा तिरपा पाइप) कुठे घेऊ?' याला तिथल्या तिथे उत्तर द्यावं लागतं.

बांधणी उत्तम येणाऱ्या माणसाच्या चार गोष्टी बहुधा कच्च्या असतात, आणि शिकवायला नेमक्या त्याच लागतात. पहिली, नकाशा वाचणं आणि काढणं. गाळ्यांची (उभ्या पाइपांमधल्या भागांची) लांबी, टप्प्यांची (एकावर एक येणाऱ्या मजल्यांची) उंची, टायच्या (परांची भिंतीला धरून ठेवणाऱ्या बांधणीच्या) जागा दाखवणारं साधं रेखाचित्र हाताने काढता आलं पाहिजे. दुसरी, वजनाचा हिशोब. तिसरी, तपासणीचा लेखी अहवाल. चौथी, सुटका: हार्नेसला लटकलेल्या माणसाला काही मिनिटांत खाली आणण्याची तयारी. लटकलेल्या अवस्थेत पट्टे मांड्यांवर रुततात, पायांतलं रक्त परत फिरत नाही आणि शुद्धीवर असलेला माणूसही लवकर बेशुद्ध होऊ शकतो. सुटकेची व्यवस्था नसलेल्या आवारात उंचीवरचा सराव घेऊच नका.

शिकवण्याचा स्वतंत्र अभ्यासक्रम करून घ्या. पण त्याहून उपयोगी पडतं ते जुन्या प्रशिक्षकाच्या हाताखाली उमेदवारी करणं. दोन तुकड्या नुसत्या बघा आणि फक्त शिकाऊंच्या चुका टिपा. मग एकेक भाग शिकवा: आज क्लॅम्प, उद्या तळ. त्यानंतर अख्खी तुकडी तुम्ही चालवा आणि जुन्याने मागे बसून टिपणं घ्यावीत. बघणाऱ्याने तुमचं बोलणं तपासायचंच, पण तुमचा एक क्लॅम्प लावायला किती वेळ लागतो हेही बघायचं. अनुभवी हात इतक्या झपाट्याने चालतो की शिकाऊला काही दिसत नाही. प्रात्यक्षिक नेहमीच्या गतीच्या एक तृतीयांश गतीने करता येणं हे वेगळं कसब आहे, आणि त्याचा सराव करावा लागतो.

आवार आणि सामान

एका प्रशिक्षकामागे ६ शिकाऊ ही उंचीवरच्या कामाची वरची मर्यादा धरा. सहा जणांचे हात एका वेळी नजरेत ठेवता येतात, आठ जणांचे येत नाहीत. ६ जणांच्या तुकडीला सरावासाठी ३ गाळे आणि २ टप्पे यांची पाइप-क्लॅम्प परांची पुरते. गाळा १.८ मीटरचा, टप्पा २ मीटरचा, रुंदी ५ फळ्यांची, म्हणजे उभ्या पाइपांच्या मध्यापासून मध्यापर्यंत सुमारे १.२५ मीटर. गाळा १.८चा घेण्याचं कारण असं की तीन गाळ्यांचे ५.४ मीटर होतात आणि ६ मीटरचा लेजर (लांबीच्या दिशेचा आडवा पाइप) दोन्ही टोकांना ३०० मिलिमीटर बाहेर राहतो. गाळा २ मीटरचा घेतला, तर लेजर बरोबर शेवटच्या क्लॅम्पवर संपतो आणि निसटायला मोकळा होतो.

या परांचीला लागणारं सामान असं:

- ६ मीटरचे पाइप १५: ४ अखंड उभे, ६ लेजर, ४ बाहेरच्या कठड्याचे, १ दर्शनी तिरप्या ब्रेसिंगचा
- उरलेल्या ४ उभ्या पाइपांसाठी ३.५ मीटरचे ४ आणि २.५ मीटरचे ४ तुकडे, जोडायला ४ स्लीव्ह क्लॅम्प
- १.५ मीटरचे पाइप २८: २० ट्रान्सम (रुंदीच्या दिशेचे आडवे पाइप) आणि ८ दोन्ही टोकांच्या कठड्याचे
- आडव्या ब्रेसिंगसाठी २.५ मीटरचे ६
- राइट अँगल क्लॅम्प (काटकोनात जोडणारे) ८०, स्विव्हल (हव्या त्या कोनात फिरणारे) १६, फळ्यांखालच्या मधल्या ट्रान्समसाठी एकेरी क्लॅम्प १६. प्रत्येकाचे चौथा हिस्सा जादा ठेवा
- १५० बाय १५० मिलिमीटरच्या बेसप्लेट ८ आणि त्यांखाली जोडीला एक अशा ४ जाड फळ्या
- २२५ मिलिमीटर रुंद आणि ३८ मिलिमीटर जाड फळ्या २०, टो-बोर्डसाठी (कडेला पायाशी उभ्या लावायच्या फळ्या) ८

बाहेरून ४८.३ मिलिमीटर व्यासाच्या आणि ४ मिलिमीटर जाडीच्या पाइपचं वजन मीटरला ४.३७ किलो भरतं. म्हणजे वरच्या यादीतले नुसते पाइपच पाऊण टनाच्या आसपास होतात. एवढं वजन दिवसातून दोनदा उचललं जाणार आहे, हे वेळापत्रक आखताना विसरू नका. दुपारनंतर थकलेल्या माणसांकडून वरच्या टप्प्याचं काम घेणं टाळा.

फळ्यांच्या लांबीत एक सापळा आहे, तो यादीत मुद्दाम लिहिलेला नाही. बाजारात सहज मिळणाऱ्या ३ मीटरच्या दोन फळ्या टोकाला टोक लावून घातल्या, तर एकूण ६ मीटर होतात आणि शेवटच्या ट्रान्समच्या बाहेर ३०० मिलिमीटर लोंबतात. ३८ मिलिमीटरच्या फळीला जाडीच्या चौपट, म्हणजे सुमारे १५० मिलिमीटरपेक्षा जास्त लोंबू द्यायचं नसतं. नाहीतर टोकावर पाय पडताच फळी उलटते. ५० मिलिमीटरपेक्षा कमी बाहेर राहिली, तर ती ट्रान्समवरून घसरते. या आराखड्याला २.८ मीटरच्या फळ्या बसतात: टोकांना १०० मिलिमीटर बाहेर आणि जोड बरोबर मधल्या गाळ्याच्या मध्यावर. त्या जोडाखाली दोन ट्रान्सम लागतात, प्रत्येक फळीच्या टोकाला एक. पहिल्या दिवशी शिकाऊंना कागद द्या, ३ मीटरच्या फळ्या सांगा आणि गणित त्यांनाच करू द्या. ज्याला हा घोळ कागदावर सापडतो, तो वर चढल्यावर फळी तपासल्याशिवाय पाय टाकत नाही.

पहिला दिवस: पाय जमिनीवरच

पहिल्या दिवशी कुणीही वर चढत नाही. सकाळी सामानाची ओळख आणि निवड. पन्नासेक नगांच्या ढिगात सात-आठ खराब नग मिसळून ठेवा: वाकलेला पाइप, तिरका कापलेला, गंजाने खड्डे पडलेला, आडवी चीर गेलेली फळी, बोल्ट वाकलेला क्लॅम्प, आटे झिजलेलं नट. शिकाऊंनी ते शोधून बाजूला काढायचे आणि का काढले ते सांगायचं. 'का' महत्त्वाचं. तिरक्या कापलेल्या पाइपचं टोक बेसप्लेटवर एका कडेवरच टेकतं आणि सगळा भार त्या कडेवर येतो, हे ज्याला कळलं त्याला यादी पाठ करावी लागत नाही. काढलेल्या नगावर रंगाचा पट्टा मारा आणि तो वेगळ्या कोपऱ्यात टाका. ढिगाशेजारीच ठेवला तर दुसऱ्या दिवशी तो परांचीत सापडतो.

मग पान्हा. स्क्रूच्या क्लॅम्पला साधारण ५० न्यूटन मीटर इतका पिळ द्यायचा असतो. पाव मीटर लांबीच्या पान्ह्याच्या टोकाला सुमारे २० किलोचा जोर, एवढाच त्याचा अर्थ. प्रत्येकाकडून दहा क्लॅम्प हाताने आवळून घ्या आणि लगेच टॉर्क पान्ह्याने मोजा. धडधाकट माणूस बहुधा जास्तच आवळतो, काहीजण ८० ते ९० पर्यंत जातात. त्यांना वाटतं जास्त म्हणजे चांगलं. प्रत्यक्षात बोल्ट ताणला जातो, आटे खातात आणि तोच क्लॅम्प तीन-चार वापरांनंतर निकामी होतो. पान्ह्याच्या दांड्यावर पाइप चढवून आवळणं कडक बंद ठेवा. हा सराव रोज सकाळी पाच मिनिटं घेतला, तर आठवड्याअखेर हात मोजमाप शिकतो.

क्लॅम्पचा प्रकार ओळखणं हा दुपारचा विषय. ए वर्गाचा राइट अँगल क्लॅम्प पाइपवरून घसरण्याआधी सुमारे ६ किलोन्यूटन, म्हणजे ६०० किलोच्या आसपास भार सुरक्षितपणे पेलतो. एकेरी क्लॅम्पचं काम मधल्या ट्रान्समला जागेवर धरून ठेवणं इतकंच. त्याची ताकद राइट अँगलच्या दहाव्या भागाच्या आसपास असते. कठडा एकेरी क्लॅम्पवर बांधणं आणि लेजरला स्विव्हल लावणं या दोन चुका साइटवरून आलेल्या शिकाऊंमध्ये हमखास दिसतात, कारण तिथे जो क्लॅम्प हाताला येतो तोच लावला जातो. दोर, कप्पी, गाठी आणि हाताहाती पाइप देण्याची पद्धतही याच दिवशी जमिनीवर शिकवा. पाइप देणाऱ्याने 'घे' म्हणायचं, घेणाऱ्याने पकड बसल्यावर 'आला' म्हणायचं, आणि 'आला' ऐकल्याशिवाय हात सोडायचा नाही.

तळापासून पहिला टप्पा

इथे तीन-चार दिवस घालवा. परांचीच्या बहुतेक तक्रारी तळात सुरू होतात आणि वर दिसतात.

१. जमीन बघा. भराव, गटाराचं झाकण, तळघराचं छत, नुकताच बुजवलेला चर यांवर उभा पाइप येतोय का ते आधी शोधा. जमीन उताराची असेल, तर सर्वांत उंच जागेपासून सुरुवात करा. खालची बाजू जॅकने वर उचलता येते, वरची खाली दाबता येत नाही.

२. खालच्या फळ्या मांडा आणि त्यांवर बेसप्लेट. फळीखाली पोकळी नको. उभा पाइप प्लेटच्या मध्यावर आणि प्लेट फळीच्या मध्यावर. जॅक वापरत असाल, तर आटेदार दांड्याचा किमान चौथा भाग किंवा १५० मिलिमीटर, यांतलं जे जास्त असेल तेवढं पाइपच्या आत राहिलं पाहिजे.

३. टोकाचे दोन उभे पाइप उभे करून जमिनीजवळ, १५० मिलिमीटरच्या आसपास, पहिला लेजर लावा. क्लॅम्पचा पाळणा वरच्या बाजूला उघडा राहील असा बसवा. मग लेजर आधी त्यात टेकतो आणि झाकण लावेपर्यंत हातावर भार येत नाही. पाळणा खाली उघडा ठेवला, की एका माणसाने पाइप धरून ठेवायचा आणि दुसऱ्याने घाईत नट शोधायचं, असा खेळ सुरू होतो.

४. आतला लेजर, तळाचे ट्रान्सम. आता चौकट काटकोनात आहे का ते कर्ण मोजून बघा. ५.४ बाय १.२५ मीटरला दोन्ही कर्ण साधारण ५.५४ मीटर आले पाहिजेत. दोन कर्णांत २० मिलिमीटरहून जास्त फरक असला, तर इथेच सुधारा. वर गेल्यावर फळ्या बसत नाहीत आणि शिकाऊ त्या ठोकून बसवतात.

५. पाणसळ आणि ओळंबा. २ मीटर उंचीत २० मिलिमीटरपेक्षा जास्त कलू देऊ नका. ओळंबा दोन दिशांनी बघायचा असतो. शिकाऊ जवळजवळ नेहमी एकाच दिशेने बघतात.

६. २ मीटरवर लेजर, ट्रान्सम आणि लगेच ब्रेसिंग. दर्शनी ब्रेस ४५ अंशांच्या आसपास. ३५ अंशांखाली तो लोळतो आणि ५५च्या वर फार उभा होतो, आडव्या जोराला दोन्ही कमी पडतात. 'सगळं झाल्यावर ब्रेस लावू' हे वाक्य ऐकलं, की काम तिथेच थांबवा. ब्रेसिंग नसलेली चौकट म्हणजे बिजागऱ्यांनी जोडलेला चौकोन, ती एका बाजूला सहज लवते.

जोडाचे चार उभे पाइप कुठे ठेवायचे हे शिकाऊंना ठरवू द्या. शेजारच्या दोन पाइपांचे जोड एकाच टप्प्यात येता कामा नयेत. जोड मुद्दाम ३.५ मीटरवर ठेवला आहे. ४ मीटरवर ठेवला असता, तर लेजरच्या क्लॅम्पला जागाच उरली नसती. हे उत्तर सांगून टाकू नका, एकदा चुकू द्या. जमिनीवर चुकायला परवानगी आहे, उंचीवर नाही. प्रशिक्षकाचं निम्मं काम ही सीमा कुठे आखायची ते ठरवणं आहे.

उंचीवर

आता क्रमाचा प्रश्न खऱ्या अर्थाने येतो. हार्नेस घातला, हुक लावला, म्हणजे सुरक्षित झालो, असं शिकाऊंना वाटतं. त्यांना हे गणित फळ्यावर करून दाखवा: २ मीटरचा शॉक अॅब्सॉर्बरवाला (झटका शोषत उलगडणाऱ्या पट्टीचा) दोर पायापाशी अडकवला. पडताना २ मीटर दोर, त्यावर अॅब्सॉर्बर उघडून आणखी १.७५ मीटर, पाठीवरच्या कडीपासून पायांपर्यंत दीड मीटर आणि वर १ मीटर राखीव. बेरीज ६.२५ मीटर. आपण उभे आहोत ४ मीटरवर. म्हणजे हुक लावलेला असूनही माणूस जमिनीवर आपटतो. हुक डोक्याच्या वर अडकवला, तर पडण्याचं अंतर खूप कमी होतं. आणि कठडा आधी बसवला, तर पडण्याचाच प्रश्न येत नाही.

म्हणून खालच्या, कठडा लावलेल्या टप्प्यावर उभं राहूनच वरच्या टप्प्याचा कठडा बसवण्याची पद्धत शिकवा: आधी बसवता येणाऱ्या कठड्याच्या चौकटी वापरून, किंवा खास पायरीवर उभं राहून पाइपचा कठडा लावून. वर चढल्यावर हार्नेस हा दुसरा आधार. पहिला आधार कठडाच.

हुक कुठे चालतो? राइट अँगल क्लॅम्पने दोन्ही टोकांना बांधलेल्या लेजरवर, ट्रान्समवर किंवा त्याच मापाच्या कठड्यावर. कुठे चालत नाही? एकेरी क्लॅम्पच्या ट्रान्समवर, ब्रेसवर, बाहेर लोंबणाऱ्या पाइपच्या टोकावर. पहिले दोन दिवस शिकाऊने हुक लावण्याआधी जागेवर बोट ठेवून 'इथे' म्हणायचं आणि तुम्ही होकार द्यायचा. कटकटीचं वाटतं, पण तिसऱ्या दिवशी डोळा आपोआप क्लॅम्पकडे जातो.

कठड्याची मापं: वरची पट्टी युरोपीय मापानुसार किमान ९५० मिलिमीटर, ओशाच्या नियमात साधारण ०.९७ ते १.२ मीटर, पट्ट्यांमधली फट ४७० मिलिमीटरपेक्षा जास्त नको, टो-बोर्ड १५० मिलिमीटर उंच. शिडी चारास एक अशा उताराने, वर किमान १ मीटर निघालेली आणि बांधलेली. ही मापं भिंतीवर मोठ्या अक्षरांत लावून टाका, त्यांवर व्याख्यान नको.

टाय आणि वजन

परांची भिंतीला बांधलेली नसेल, तर ती आपल्या पायावर किती उंच उभी राहू शकते याला मर्यादा आहे. ओशाच्या नियमात ती पायाच्या लहान बाजूच्या ४ पट, पुष्कळ ठिकाणी ३ पटच धरतात. आपल्या सरावाच्या परांचीचा पाया १.२५ मीटर आणि उंची ४ मीटर, म्हणजे आपण ३ पटींच्या वर गेलो. आवारात भिंत नसेल, तर टाय शिकवण्यासाठी काँक्रीटचा एक तुकडा किंवा मजबूत पोलादी चौकट उभी करा. तीही नसेल तेव्हा बाहेरून तिरपे टेके द्या. जाळी किंवा ताडपत्री लावली, की वाऱ्याचा जोर कितीतरी वाढतो आणि टायची संख्या नव्याने ठरवावी लागते. 'परांची तीच आहे, फक्त जाळी लावली' असं म्हणणारा माणूस हे विसरलेला असतो.

वजन आकड्यांत शिकवा. युरोपीय वर्गवारीत वर्ग १ म्हणजे चौरस मीटरला ०.७५ किलोन्यूटन, वर्ग २ दीड, वर्ग ३ दोन, वर्ग ४ तीन, वर्ग ५ साडेचार आणि वर्ग ६ सहा. आपला गाळा १.८ बाय १.१२५ मीटरचा, म्हणजे सुमारे २ चौरस मीटर. वर्ग ३ धरला, तर त्या गाळ्यावर ४ किलोन्यूटन, साधारण ४०० किलो, आणि तेही सारखं पसरलेलं. दोन माणसं आणि त्यांची हत्यारं यांनाच त्यातले २०० किलो जातात. उरलेल्या २०० किलोंत सामान बसवायचं. हे गणित केलेला शिकाऊ पुढे गवंड्याला 'इतकं एका जागी रचू नका' असं कारणासकट सांगू शकतो.

सोडवणं

बहुतेक ठिकाणी सोडवणं हे शेवटच्या दिवशी, घाईत, उरलेल्या तासात उरकलं जातं. हे उलट करा: प्रत्येक दिवशी जेवढं बांधलं तेवढं त्याच दिवशी सोडवायचं. सामान कमी लागतं आणि सोडवण्याचा सराव बांधणीइतकाच होतो. सोडवताना चुका वेगळ्या असतात. टाय वाटेत येतो म्हणून आधीच काढला जातो, आणि उरलेली उंची मोकळी उभी राहते. ब्रेस काढायला सोपा म्हणून पहिला निघतो. फळ्या भराभर काढून माणूस दोन फळ्यांवर उरतो. टाय आणि ब्रेस त्यांच्या टप्प्याबरोबरच निघाले पाहिजेत, त्याआधी नाही. सोडवायला सुरुवात करण्याआधी परांची पूर्ण तपासा, कारण मधल्या काळात कुणी काय काढून नेलं याचा भरवसा नसतो. पाइप आणि क्लॅम्प खाली फेकणं हा तुकडीतून बाहेर काढण्याचा गुन्हा माना.

सिस्टीम परांची

कपलॉक आणि रिंगलॉक या ठरलेल्या मापांच्या, तयार जोडांच्या परांच्या नंतर शिकवा. पाइप-क्लॅम्प समजलेल्या माणसाला त्या दोन दिवसांत येतात. उलट क्रमाने शिकलेल्याला टाय, ब्रेस आणि वजन यांमागचं कारण बहुधा कधीच उमगत नाही, कारण मापं आधीच ठरलेली असतात. दोन्हींत उभ्या पाइपवर जोडाच्या जागा साधारण ५०० मिलिमीटरवर असतात. रिंगलॉकची पाचर अर्ध्या किलोच्या हातोडीने, हातोडी उसळून परत येईपर्यंत ठोकायची. नुसती हाताने दाबलेली पाचर दिसायला तशीच दिसते. वेगवेगळ्या उत्पादकांचे भाग एकमेकांत बसतात म्हणून मिसळू नका. बसणं आणि भार पेलणं यांत फरक आहे, आणि उत्पादकाचे भाराचे तक्ते फक्त त्याच्याच भागांना लागू होतात.

शिकवण्याची रीत

प्रत्येक कृती चार वेळा होऊ द्या. एकदा तुम्ही न बोलता, नेहमीच्या गतीने. एकदा सावकाश, बोलत. तिसऱ्यांदा शिकाऊने सांगायचं आणि तुम्ही फक्त तो सांगेल तेवढंच करायचं. तो 'नट आवळा' म्हणायला विसरला, तर नट ढिलंच ठेवा. चौथ्यांदा तो स्वतः करतो. तिसऱ्या फेरीत शिकाऊच्या डोक्यातल्या फटी उघड्या पडतात, आणि वेळ वाचवायला बहुतेक प्रशिक्षक नेमकी तीच फेरी गाळतात.

'थांबा' हा शब्द फक्त धोक्यासाठी राखून ठेवा. तो कुणीही उच्चारू शकतो, अगदी काल आलेला शिकाऊही, आणि ऐकताच सगळे हात थांबतात. चुकून उच्चारला गेला, तरी त्याबद्दल कुणाला बोलू नका, नाहीतर पुढच्या वेळी कुणी तोंड उघडणार नाही.

घाबरणाऱ्या शिकाऊपेक्षा न घाबरणारा जास्त अवघड असतो. घाबरणाऱ्याला पहिल्या टप्प्यावर, २ मीटरवर, एक दिवस जास्त द्या. बहुतेकांचं जमतं, न जमणाऱ्यांना सामान, तपासणी आणि जमिनीवरच्या कामात चांगली जागा असते. साइटवर वर्षभर काम केलेला, चार बोटांवर तोल सांभाळत पाइपवर चालणारा तरुण वेगळा. त्याला उपदेश लागू पडत नाही. त्याला दुसऱ्या शिकाऊच्या हातांवर लक्ष ठेवून चुका टिपायला बसवा. दुसऱ्याची चूक पकडताना स्वतःची दिसते.

परीक्षा

शेवटी पुन्हा क्रम. परीक्षेला फक्त तयार परांचीचे गुण देऊ नका. हातात कागद घेऊन जवळ उभे राहा आणि पायरीपायरीने खूण करा: ब्रेस वेळेवर लागला का, कठडा पाऊल टाकण्याआधी बसला का, हुक योग्य जागी होता का. काही गोष्टींना सरळ नापास ठेवा: कठड्याविना उघड्या कडेवर हुक न लावता उभं राहणं, टाय अवेळी काढणं, काहीही खाली फेकणं, लेजर किंवा कठड्याला चुकीचा क्लॅम्प. यांत कामाच्या सफाईचे गुण मदतीला येत नाहीत.

दुसरा भाग तपासणीचा. एका परांचीत १२ दोष पेरून ठेवा: ढिला टाय, प्लेटवरून सरकलेला पाइप, गायब टो-बोर्ड, जास्त लोंबलेली फळी, शेजारी आलेले दोन जोड, कठड्यावरचा एकेरी क्लॅम्प. एका तासात किमान १० सापडले पाहिजेत, आणि जिवावर बेतणारे सगळे. सापडलेला दोष 'लाल खूण, वापर बंद' या वर्गातला की 'दुरुस्त करून चालू ठेवा' या, हेही लिहून घ्या. परांची पहिल्या वापराआधी, त्यानंतर पुष्कळ देशांच्या नियमांत दर ७ दिवसांनी, आणि वादळ, धडक किंवा बदल झाल्यावर तपासायची असते, हे शिकाऊच्या तोंडी परीक्षेत विचारा.

प्रमाणपत्र हातात दिल्यावर शिकाऊ साइटवर जातो आणि तिथली घाई त्याला आठवड्यात ओढून घेते. म्हणून त्याच्यासोबत नोंदवही द्या, तिथल्या एका अनुभवी माणसाचं नाव ठरवून घ्या आणि ६ महिन्यांनी जमल्यास स्वतः जाऊन त्याचं काम बघा, तयार परांची नव्हे, बांधताना. दर तुकडीच्या चुकांची यादी तारखेसह ठेवा. तीन तुकड्यांत सारखी तीच चूक दिसली, तर ती शिकाऊंची नसते. बहुधा तुमच्या प्रात्यक्षिकात तेवढा भाग झपाट्याने होतो, किंवा तुम्ही पाठ वळवून उभे असता आणि त्यांना हात दिसत नाहीत. सहकाऱ्याला मोबाइलवर तुमच्या हातांचं चित्रीकरण करायला सांगा आणि आवाज बंद करून बघा.